सत्तरीनंतर अचानक दात का किडतात?

प्रश्न: आईचं वय ७२. आजवर दात ठणठणीत होते, आता हिरड्यांलगत एकामागून एक कीड लागतेय. खाणं-पिणं, ब्रश सगळं तेच. वयाबरोबर तोंडातले जिवाणू बदलतात का?

दंतमित्र: बदलतात, पण वयापेक्षा लाळ जास्त जबाबदार. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांच्या बऱ्याच गोळ्यांनी लाळ आटते. मग जिवाणूंनी साखरेपासून बनवलेलं आम्ल धुतलं जात नाही आणि त्यात तगणारे स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू वरचढ होतात. दाताचं कवच साधारण ५.५ पीएचला (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) विरघळतं. हिरडी सरकून उघडं पडलेलं मूळ त्याच्या बरंच आधी, म्हणजे कमी आम्लातही. म्हणून कीड नेमकी तिथेच. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा.

लाळग्रंथी: मिश्री लावतात का, ते आधी पाहा. तिच्या घासण्याने हिरड्या उतरतात. बिडी-सिगारेट असेल तर हिरड्यांच्या खोबणीत प्राणवायूविना वाढणारे जिवाणू माजतात, आणि रक्त कमी येत असल्यामुळे दुखणं लक्षातच येत नाही.

दंतमित्र: गोड चहा दिवसभर घोट-घोट नको. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास तोंड आम्लच राहतं. दोनदाच, एका बैठकीत प्यावा. किमान १००० पीपीएम (दहा लाखांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट वापरा, घासल्यावर फक्त थुंका. चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं, आणि हे फार जण करतात. दातांच्या फटींसाठी छोटा ब्रश घ्या.

लाळग्रंथी: कवळी असेल तर रात्री काढून, साबणाने घासून पाण्यात ठेवा, नाहीतर तिच्याखाली कॅन्डिडा बुरशी धरते. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरताच. दात तपकिरी पडतात आणि उपयोगी जिवाणूही मरतात.