परसातील धामण राहू द्यावी का?

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या आमच्या घरामागे, जांभ्या दगडाच्या गडग्यात, सहा फुटांची धामण राहते. काल ती कोवळ्या उन्हात पसरली होती, तेव्हा तिच्या ओठांच्या खवल्यांवरील काळ्या रेघा स्पष्ट दिसल्या. सासूबाई म्हणतात, धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. तिला पकडून दूर सोडावे का?

उत्तर १ : ताई, कृपया तसे करू नका. धामण बिनविषारी असून दिवसा उंदीर व बेडूक शोधत फिरते, आणि सड ओढून दूध पिण्याजोगी सापाच्या तोंडाची रचनाच नसते. गोठ्यात ती येते ती उंदरांच्या मागे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षणही आहे.

उत्तर २ : सहमत आहे, परंतु घाईत नागालाही धामण समजले जाते, म्हणून मुलांना गडग्यात हात घालू देऊ नये, लाकूडफाटा घराच्या भिंतीपासून दूर रचावा आणि रात्री विजेरीशिवाय गोठ्यात जाऊ नये. शंका वाटल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. आज झापांखाली तिची कात सापडली. डोळ्यांवरच्या गोल चकत्यांसह अखंड. सासूबाईंनी ती स्वतः हातात घेऊन पाहिली.