मेंदूचे संकेत वाचणारा संगणक अहिराणी बोलू शकेल का?

तापीकाठ, अमळनेर
माझ्या काकांना, म्हणजे आमच्या नानांना, मोटर न्यूरॉनचा आजार आहे. हातापायांतले बळ गेले आणि आता बोलणेही अस्पष्ट होत चालले आहे. बुद्धी मात्र पूर्वीइतकीच तल्लख आहे. मेंदूत विद्युतसंकेत टिपणारे बारीक इलेक्ट्रोड बसवून रुग्णाच्या मनातले वाक्य पडद्यावर उमटवण्याचे प्रयोग अमेरिकेत यशस्वी झाल्याचे वाचले. नाना घरात अहिराणीच बोलतात. हे तंत्र आपल्या बोलीपर्यंत पोहोचेल का? जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

यंत्रशिक्षक, जळगाव
नमस्कार. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातील रुग्णाला नानांसारखाच आजार होता. त्याच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड बसवले होते आणि यंत्राने ओळखलेले शब्द सुमारे ९७ टक्के अचूक ठरले. हे यंत्र मनातले विचार वाचत नाही. रुग्ण बोलण्याचा प्रयत्न करतो तेव्हा जीभ आणि ओठ हलवण्याच्या ज्या आज्ञा मेंदूतून निघतात, त्या स्नायूंपर्यंत नीट पोहोचल्या नाहीत तरी मेंदूत नोंदवता येतात. त्यांवरून संगणक आधी ध्वनी ओळखतो आणि मग भाषेच्या प्रारूपाच्या, म्हणजे कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येतो हे मजकुरातून शिकलेल्या प्रणालीच्या, मदतीने त्यांचे शब्द जुळवतो.

आपली अडचण या दुसऱ्या टप्प्यावर आहे. इंग्रजीचे प्रारूप अफाट लिखित मजकुरावर घडले आहे. अहिराणी मुख्यतः बोलली जाते, लिहिली फार कमी जाते, आणि ख, घ, भ यांसारखे ध्वनी इंग्रजीच्या ध्वनिसंचात वेगळे धरलेलेच नाहीत. मेंदूकडून अडचण नाही. बोलीतल्या मजकुराचा साठा आपणच उभा करायला हवा, आणि तो करण्यासाठी शस्त्रक्रियेची वाट पाहण्याचे कारण नाही.

सातपुडा, शिरपूर
वरील मत मान्य आहे, तरीही मला देखभालीची चिंता अधिक वाटते. सेकंड साइट या अमेरिकी कंपनीने अंधांसाठी दृष्टिपटलावर बसवायचे आर्गस हे उपकरण बनवणे थांबवले, तेव्हा जगभरातील साडेतीनशेहून अधिक रुग्णांच्या डोळ्यांत ते बसलेले होते आणि बिघाड झाल्यास दाद मागायला जागा उरली नव्हती. डोक्यात बसवलेल्या यंत्राची जबाबदारी वीस वर्षांनंतर कोण घेणार, हे कायद्याने ठरल्याशिवाय आपल्याकडे हे तंत्र आणण्याची घाई करू नये. मेंदूत बसवायची यंत्रे बनवणाऱ्या न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीच्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूतील इलेक्ट्रोडचे काही धागेही २०२४ मध्ये शस्त्रक्रियेनंतर जागेवरून सरकले होते.

वाचाउपचारक, धुळे
दादा, नानांचा आवाज अजून शिल्लक आहे, म्हणून त्यांच्या संमतीने तो आजपासूनच नोंदवायला घ्यावा. डेव्हिसच्या प्रयोगात पडद्यावरची वाक्ये त्या रुग्णाच्या आजारापूर्वीच्या आवाजात ऐकवता आली, कारण त्याची जुनी ध्वनिमुद्रणे उपलब्ध होती. शांत खोलीत चांगल्या मोबाइलवरही काम भागते. सकाळी, थकवा येण्यापूर्वी, थोडा थोडा वेळ बोलते करावे. वाचून दाखवायला लावण्यापेक्षा शेत, पाऊस, नातवंडे, जेवण यांविषयी मोकळे अहिराणी बोलू द्यावे आणि कोणीतरी शेजारी बसून प्रत्येक वाक्य देवनागरीत लिहून ठेवावे. जुन्या लग्नाच्या चित्रफिती, फोनवरचे निरोप, तेही जपावेत. सध्याच्या संवादासाठी अक्षरफलक आणि नजरेवर चालणारा संगणक हे दोन मार्ग शस्त्रक्रियेविना उपलब्ध आहेत. त्यांचा सराव बोलणे पूर्ण बंद होण्याआधी सुरू करावा, कारण नंतर नवे साधन शिकवताना रुग्णाला काय अडते हे विचारणेही कठीण होते. फलक अहिराणीतच बनवावा.