ल्युकेमियाच्या मुलीसाठी गणपतीची वर्गणी: पैसे कसे आणि कुठे द्यावेत?

मंडळाचा खजिनदार, सातारा:
गावातल्या सहा वर्षांच्या मुलीला एएलएल (ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) आहे. परळला टाटात उपचार सुरू आहेत, इंडक्शन (उपचाराचा पहिला टप्पा) संपत आलंय. यंदा डीजे रद्द करून ते पैसे आणि थोडी वर्गणी घरच्यांना द्यायची आहे. काही रक्कम संशोधनाला द्यावी असंही सभासद म्हणतात. एकरकमी द्यावेत का? दुबईच्या पोरांकडून घेतले तर चालतील? संशोधनाला नेमके कुठे?

परळची ताई:
दादा, एकरकमी नको. एएलएलचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. पहिल्या महिन्यात सगळे धावून येतात, खरी ओढाताण पुढे मेंटेनन्समध्ये (गोळ्यांच्या लांबलचक शेवटच्या टप्प्यात) होते. केस परत आलेले असतात, पोर अंगणात खेळत असतं. मग "आता बरी आहे" म्हणून रुग्णालयाची एक फेरी चुकते, मग दुसरी. गोळ्या थांबल्या की आजार उलटू शकतो, आणि उलटलेला आवरणं फार अवघड. म्हणून दरमहा ठरावीक रक्कम द्या, तीही प्रवास, खाणं आणि बुडालेली मजुरी यांसाठी.

औषधोपचाराचा मोठा भाग सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतो. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचा मदतनीस) रेशनकार्ड, आधार घेऊन लगेच जा. आधी भरलेलं बिल नंतर परत मिळेल या भरवशावर राहू नका. रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीला १०० टक्के, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे. दाखला रुग्णालयातून घ्यावा लागतो. मुंबईत राहायची सोय नसेल तर टाटाच्या समाजसेवा विभागात सेंट ज्यूड इंडिया या संस्थेबद्दल विचारा. राहणं मोफत असतं, पण रुग्णालयानेच पाठवावं लागतं.

गावी मात्र एक गाडी आणि दोन चालकांचे नंबर कायम तयार ठेवा. ताप १००.४ ला गेला की रात्र असो की आरतीची वेळ, थेट रुग्णालय. पॅरासिटामॉल देऊन वाट बघितली तर ताप दबतो, संसर्ग वाढत राहतो. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असताना काही तासांत जिवावर बेततं.

रक्तपेढीतला माणूस:
पैशांइतकीच गरज प्लेटलेट्सची (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशींची) असते. त्या पाचच दिवस टिकतात, आणि तेही २०-२४ अंशांवर सतत हलत्या ठेवल्या तर. म्हणून एका दिवसाच्या मोठ्या शिबिरापेक्षा वीस जणांची यादी कामाची. नाव, रक्तगट, फोन आणि कोण कोणत्या आठवड्यात मोकळा, एवढं लिहा. मुंबईत राहणारी गावची मुलं यादीत आधी घ्या. एसडीपीसाठी (एकाच दात्याकडून यंत्राने फक्त प्लेटलेट्स घेणं) वय १८ ते ६०, वजन ५० किलोच्या वर, स्वतःच्या प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर लागतात. तीन दिवस आधीपासून ॲस्पिरिन नको. खुर्चीवर तास-दीड तास जातो, आणि शेवटी हातात येते ती फिकट पिवळ्या द्रवाची एक पिशवी. दोन दिवसांनी पुन्हा देता येतं, पण आठवड्यात दोनदाच.

आई-बाप, सख्खे मामा-काका यांचं रक्त शक्यतो नको. जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुलीच्या शरीरावरच उलटू शकतात, त्यामुळे ते किरणोत्सर्ग देऊनच चढवावं लागतं. इथे मंडळाची पोरं नातेवाइकांपेक्षा उपयोगी.

हिशेबनीस:
मंडळ नोंदणीकृत नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडून वर्गणी गोळा करण्याची कलम ४१क ची परवानगी घ्या आणि अर्जात वैद्यकीय मदतीचा हेतू स्पष्ट लिहा. उत्सवासाठी मागितलेले पैसे परस्पर दुसरीकडे वळवले की भांडणं तिथूनच सुरू होतात. पावती पुस्तकं दोन ठेवा, एक उत्सवाचं, एक मदतीचं.

दुबईच्या मुलांचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या कमाईचे, बँकेतून आलेले असतील तर ती परकीय देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे पैसे मात्र मंडळाच्या खात्यात घेऊ नका, त्यासाठी एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणी लागते. ८०जी ची (देणगीवरची आयकर) सवलत व्यक्तीला दिलेल्या मदतीवर मिळत नाही. ८०जी असलेल्या संस्थेला दिली तरी दोन हजारांवरची रोख चालत नाही.

आणि मुलीचा फोटो फ्लेक्सवर कृपा करून लावू नका. तिला उद्या त्याच गावात शाळेत जायचंय.

परळची ताई:
संशोधनाचं राहिलं. टाटा मेमोरियलला चेक देताना "बालरक्तकर्करोग संशोधनासाठी" असं पत्र जोडा, नाहीतर सर्वसाधारण निधीत जमा होतो. आयसायकल या भारतातल्या बालरक्तकर्करोग गटाची एएलएलवरची उपचार-चाचणी इथल्याच रुग्णालयांनी मिळून केली. आपल्या मुलांना किती तीव्रतेचं औषध झेपतं, हे इथल्याच मुलांवरून कळणार. मात्र आवाहनात नेक्सकार१९ चं (रुग्णाच्याच पेशी बदलून केलेली कार-टी उपचारपद्धती) नाव घालू नका. आयआयटी मुंबई आणि टाटाचं हे काम मोठं आहे, पण २०२३ ची मंजुरी १५ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी होती. सहा वर्षांच्या मुलीच्या घरच्यांना उगाच आशा लागते.

मंडळाचा खजिनदार:
मनापासून आभार. गावातल्या आशाताई विचारतात, त्यांनी कशावर लक्ष ठेवावं?

परळची ताई:
मेथोट्रेक्सेटवर. मेंटेनन्समध्ये ६-एमपी (मरकॅप्टोप्युरिन) रोज, ठरल्या वेळी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. दोन्ही छोट्या गोळ्या, दोन्ही एकाच पिशवीत, आणि मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिली गेली तर तोंड सोलवटतं, काउंट (रक्तपेशींची संख्या) कोसळतात, जीवही जाऊ शकतो. डबे वेगळे करायला सांगा. वार ठरवून कॅलेंडरवर लाल गोल करा, आणि गोळी दिल्यावर त्यावर फुली.