मदत हवी आहे : खुनाची वेळ आणि हद्द, दोन्ही जुळेनात

मंडळी, बेळगावात बसवायच्या दोन अंकी रहस्यनाट्यासाठी सल्ला हवाय. पाच मित्र, त्यात दोन जोडपी, जांबोटीजवळच्या (खानापूर तालुका, कर्नाटक) फार्महाऊसवर. एकाचं मित्राच्या बायकोशी प्रकरण, आणि रात्री अकराला तोच मरतो. प्रेत सकाळी हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात पालथं सापडतं. पाठीवर जांभळे डाग, म्हणजे मेल्यावर बराच वेळ उताणं होतं, असा पुरावा ठेवलाय.

घोळ इथेच आहे. रक्त साकळलेले डाग पक्के व्हायला साधारण आठ ते बारा तास लागतात. रात्री एकला प्रेत हलवलं तर डाग बरेचसे पोटाकडे सरकतील. खून दुपारी चारला नेऊन पहाटे चारला हलवलं तर डाग टिकतात, पण तोवर अंग ताठ होतं. आडवं ताठलेलं प्रेत डिकीत दुमडणार कसं? शिवाय बारा तास चौघांपैकी कुणालाच शंका येऊ नये? प्रेक्षक हसतील.

दुसरं, हद्द. गुन्हा आधी चंदगडला नोंदला आणि खून जांबोटीत झाल्याचं कळलं, तर तपास खानापूर पोलिसांकडे जाईल ना? मग दुसऱ्या अंकात कन्नड बोलणारा नवा अधिकारी आणावा का? (मला तरी मजा वाटते.)

२०१८ पासून व्यभिचार गुन्हा नाही, त्यामुळे 'केस होईल' ही धमकी बाद. संशय चौघांवर सारखा राहील असं दुसरं कारण सुचवा. पैशाचं नको, फार वापरून झालंय.