घड्याळ म्हणतंय ‘अनप्रॉडक्टिव्ह’, डिसेंबरची हाफ करू की गप १० किमी धावू?

शेवंती_फोंडा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय आणि लांबलाय, सांभाळून घ्या.

वय ४३, फोंड्याला राहते, शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी धावायला लागले, म्हणजे खरं तर चालायला लागले आणि मधेमधे धावायला. गेल्या डिसेंबरात चिखलीला गोवा रिव्हर मॅरेथॉनमध्ये १० किमी ६२ मिनिटांत झालं, तेव्हा डोक्यात हवा गेली आणि यंदा थेट २१ ला, म्हणजे हाफ मॅरेथॉनला, नाव घालून बसले. आता १० आठवडे उरलेत आणि माझी प्रगती उलट्या दिशेने चाललीय.

मंगळवार-गुरुवार घराजवळ ५-६ किमी, त्यात एकदा फर्मागुढीचा चढ. रविवारी मिरामारला गाडी लावून दोनापावलाच्या बाजूला लाँग रन. आतापर्यंत सगळ्यात लांब १४. चवथीत पाच दिवस काहीच नाही, नेवऱ्या मात्र भरपूर.

प्रॉब्लेम असा की मार्चमध्ये जो पेस (एका किमीला लागणारी मिनिटं) ६:३० ने आरामात जायचा तो आता ७:२० ला पण ओढूनताणून. घड्याळात व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं त्याचा आकडा) ३६ वरून ३३ वर आलाय आणि प्रत्येक रननंतर ‘अनप्रॉडक्टिव्ह’ असं येतं, पेपर तपासताना मी पण मुलांना इतकं वाईट लिहीत नाही. मग कुठेतरी वाचलं की बहुतेक रन हळू करायचे, झोन टू मध्ये, म्हणजे हार्टरेट कमी ठेवून, म्हणून ७:४५ ने धावले तर हार्टरेट १६८. ८ ने धावले तरी १६८!! २२० वजा वय केलं तर माझा मॅक्स येतो १७७, म्हणजे मी शाळेतल्या म्हाताऱ्या शिपायाच्या स्पीडने जाऊनसुद्धा फुल दमात आहे असं त्याचं म्हणणं. आमचे हे म्हणतात घड्याळ माळ्यावर टाक आणि धाव. पण एवढे पैसे घालून घेतलंय.

हे दमट हवेमुळे की माझा फिटनेसच गेलाय? हाफ करू की आयोजकांना सांगून १० मध्ये नाव बदलून घेऊ? आणि लाँग रनला पाणी किती प्यायचं, मी फक्त साधं पाणी पिते आणि शेवटी डोकं दुखतं.

पायपीट

ताई, १६८ वरखाली होतं की सरळ रेघ? आणि केडन्स, म्हणजे मिनिटाला किती पावलं, किती दाखवतंय ते बघा जरा.

शेवंती_फोंडा

ग्राफ बघितला, दुसऱ्या किलोमीटरपासून जवळजवळ सरळ रेघ. चालायला लागले की एकदम धपकन १२० वर. केडन्स १६६ ते १६९. का हो?

पायपीट

मग ते हृदय नाही, पावलं मोजतंय :)

याला केडन्स लॉक म्हणतात. मनगटावरचं घड्याळ हिरवा लाईट टाकून कातडीखालच्या रक्ताची ये-जा बघतं. पट्टा सैल असला, घाम आला, हात हलला की त्याला नाडीपेक्षा पावलांचा ठेका ठळक दिसतो आणि ते तोच हार्टरेट म्हणून छापतं. तुम्ही ७:२० ने जा नाहीतर ८ ने, पावलं मिनिटाला तेवढीच, फक्त आखूड, म्हणून आकडा हलत नाही. आणि तुमचा व्हीओटू मॅक्स लॅबमधला नाही, पेस आणि हार्टरेट यांचं गणित घालून काढलेला अंदाज आहे. एक आकडा खोटा म्हटल्यावर पुढचं सगळं खोटं, ते ‘अनप्रॉडक्टिव्ह’ धरून.

खात्री करायची तर धावता धावता थांबा, लगेच मानेवर दोन बोटं ठेवा, १० सेकंद मोजा आणि गुणिले ६. जास्त वेळ मोजू नका, थांबल्यावर रेट भराभर उतरतो. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या थोडं वर, घट्ट बांधा. जमलं तर ठोके मोजणारा छातीचा पट्टा कुणाचा तरी मागून आणा. २२० वजा वय पण ढोबळच आहे, त्यात १०-१२ चा फरक सहज पडतो.

उसगांवचो

घड्याळ तुमका फटयता बाये 😄

मांडवीकर

पायपीट बरोबर बोलतायत, पण ताईंचा पेस पडलाय तो खोटा नाही ना. हवेचा भाग आहेच. घाम आला म्हणून अंग थंड होत नाही, घाम वाळला की होतं, आणि आपल्याकडे पावसात आणि आता ऑक्टोबरात तो वाळतच नाही, नुसता टपटपतो. मग शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, पायांना कमी उरतं, हार्ट पळतं. मी स्वतः जून ते ऑक्टोबर पेस बघतच नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढंच. बोलता आलं तर ईझी, नाही तर हळू व्हा. डिसेंबरात पहाटे थोडी थंडी पडली की काही न करता पेस परत येतो, बघा तुम्ही.

पाण्याचं म्हणाल तर रनच्या आधी आणि नंतर वजन करा, कपडे काढून, घामाचे कपडे अर्धा किलो खोटं बोलतात. गेलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. मधे प्यायलात ते त्यात मिळवायचं. तासाच्या वर धावत असाल तर नुसतं पाणी नको, मीठ हवं. एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. महागड्या गोळ्यांच्या नादी लागू नका. आणि भरमसाट पाणी पण पिऊ नका, रक्तातलं सोडियम उतरलं तर ते डिहायड्रेशनपेक्षा वाईट.

म्हापशेकर

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. चवथीचा ब्रेक, १४ लाँगेस्ट, आठवड्याला तीनच रन. १० धावा, पुढच्या वर्षी हाफ. मी घाई करून नडगीचं दुखणं लावून घेतलं आणि चार महिने सोफ्यावर काढले.

शेवंती_फोंडा

म्हापशेकर, राग कसला, घरचे पण हेच म्हणतात.

रविवारचा रिपोर्ट. पट्टा आवळला तरी घड्याळ १६७ च म्हणत होतं. मिरामार सर्कलच्या पुढे थांबले, मानेवर बोटं, १० सेकंदांत २३. म्हणजे १३८! विश्वास बसेना म्हणून दोन किमीने परत मोजलं, २४. पोदेर (पाववाला) सायकल थांबवून बघायला लागला की बाईला काय झालं. तेवढ्यात बोलून पण बघितलं, त्याच्याकडून चार पोई (गोव्याचे पाव) घेतल्या, धाप लागली नाही, पण मग उरलेला रन पोई हातात घेऊन.

वजन १ किलो १०० ग्रॅम उतरलं, मधे ३०० मिली प्यायले होते, म्हणजे ७५ मिनिटांत १ लिटर ४०० घाम?? डोकं का दुखायचं ते कळलं.

पायपीट

१३८-१४४ म्हणजे एकदम ईझी. इतके दिवस तुम्ही ईझीच धावत होता आणि उगाच रडत होता.

हाफचं म्हणाल तर रीगल नावाच्या इंजिनिअरचं एक सूत्र आहे, जुना वेळ गुणिले अंतराच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात. ६२ मिनिटांवरून २१.१ ला येतात जवळपास २:१७. पण तो हाफचा सराव पूर्ण झालेल्याचा आकडा आहे, तुम्ही २:३० धरून चला. लाँग रन आठवड्याला एक किमी वाढवा, चौथ्या आठवड्याला उतरवा, नोव्हेंबर संपता संपता १८ झाले तर हाफ, नाहीतर म्हापशेकर म्हणतात तसं. शेवटचे दोन आठवडे कमी करायचं. आणि फर्मागुढीचा चढ चालू ठेवा पण उतरताना आदळत येऊ नका, नडगी तिथेच जाते.

शेवंती_फोंडा

ठरलं. १८ झाले तर हाफ, नाहीतर १०. छातीचा पट्टा शाळेतल्या पीटी सरांकडे आहे, मागते. येत्या रविवारी १५ किमी, पहाटे ५ ला मिरामारहून, ७:४५ चा पेस, गप्पा मारत. फोंड्याहून एकटीच गाडी घेऊन येतेय, कुणी बरोबर धावणार का?

मांडवीकर

येतो. पण ७:४५ म्हणजे ७:४५ हं, मागच्या वेळी एकजण असंच सांगून ६:३० ने पळाला.

उसगांवचो

पोई आणणार असाल तर मी पण.