घरच्या फोटोंसाठी अल्बम कोणता घ्यावा? तुमचे अनुभव लिहा

निळी शाई
मामाच्या घरी रंगकाम काढलंय. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली तर आजीचा काळ्या पानांचा अल्बम निघाला, साठच्या दशकातला. गोफाने बांधलेला, दर दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उठवलेला तो पातळ कागद. फोटो चार कोपऱ्यांना लावलेल्या छोट्या कागदी खिशांत ('कोपरे') अडकवलेत, त्यामुळे अलगद निघतात आणि पाठीमागचं आजीचं अक्षर वाचता येतं: "गोदाघाट, वन्संबरोबर". सगळे फोटो ठणठणीत.
त्याच ट्रंकेत मामाच्या लग्नाचा, १९८४ चा अल्बम. चिकट पानं, वर प्लास्टिक. पानं पिवळी पडलीत, गोंदाच्या रेघा फोटोंवर उमटल्यात आणि फोटो निघता निघत नाहीत. मामी बराच वेळ काही बोललीच नाही.
आता दोन्हीकडचे फोटो घेऊन एक नवा अल्बम करायचाय, स्क्रॅपबुकसारखा, शेजारी नावं-गावं लिहायला जागा असलेला. तुमच्याकडे कुठला टिकला, कुठला वाया गेला, सांगा.

माहेरवाशीण
चिकट पानं!! आमच्या अख्ख्या पिढीची लग्नं त्यात अडकलीत. ओढू नका हं अजिबात. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर नीट फोटो काढा. मग दात साफ करायचा फ्लॉस फोटोच्या मागून घालून हळूहळू मागेपुढे ओढायचा. आईचे बरेचसे फोटो असे सुटले. जे सुटत नाहीत ते पानासकट कापून ठेवलेत. कुकर झालाय, नंतर लिहिते.

जुनं दप्तर
संग्रहालयात नोकरी केली, त्यामुळे यावर थोडं जास्त लिहितो. आजींचा अल्बम टिकला कारण फोटोला गोंद लागलाच नाही. अल्बम निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: यातून फोटो परत काढता येईल का? 'नाही' असेल तर तिथेच खाली ठेवा.
दुसरं, प्लास्टिक. पीव्हीसी नको, त्यातून कालांतराने फोटोला मारक द्रव्यं बाहेर पडतात. दुकानात अल्बम उघडून वास घ्या. नव्या रेक्झिनसारखा उग्र वास आला तर नको. पॉलीप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे खिसे चालतात. कागद अॅसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री हवा. लिग्निन म्हणजे लाकडातला तो घटक ज्याने वर्तमानपत्र पिवळं पडतं. काही अल्बमवर 'फोटो सेफ' छापलेलं असतं, ते कुणीही छापतं. पॅट चाचणी, म्हणजे अल्बमचा कागद-प्लास्टिक फोटोला मारक आहे का हे तपासणारी आयएसओ १८९१६, हिचा उल्लेख असेल तर जास्त भरवसा ठेवावा.
आणि सेलोटेप तर कधीच नाही.

घाटाखाली
हे सगळं खरं, पण आमच्या रत्नागिरीत चार महिने हवाच ओली असते. खिशांच्या अल्बममध्ये चकचकीत फोटो प्लास्टिकला असे चिकटतात की सोडवताना रंगच निघून येतो. आमचे कागदी पानांचे अल्बम त्यामानाने बरे राहिले. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, वरच्या मजल्यावर आतल्या भिंतीशी ठेवा. अल्बम पिशवीत गच्च बांधूनही नको, आत बुरशी धरते. पावसाळा संपला की सावलीत पंख्याखाली उघडून ठेवायचे. थेट उन्हात नाही!

कृष्णाकाठ
सांगली. २०१९ चा पूर. तळमजल्यावरचं सगळं पाण्याखाली होतं. बाबांचा एकुलता एक फोटो त्यात होता.

माहेरवाशीण
@कृष्णाकाठ अरेरे. वाचला का?

कृष्णाकाठ
वाचला. ओल्या फोटोंचा गठ्ठा तसाच वाळू दिला असता तर वीट झाली असती. आत्याच्या सांगण्यावरून परातीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात एकेक सुटा केला आणि चित्राची बाजू वर ठेवून सुती कापडावर वाळवला. कडा गेल्या, चेहरा आहे. एकदम जमत नसेल तर ओले फोटो फ्रीजरमध्ये ठेवून सवडीने सोडवता येतात, हे नंतर कळलं. माझं म्हणणं एवढंच, अल्बम कितीही भारी घ्या, आधी स्कॅन करा आणि एक प्रत दुसऱ्या गावी असू द्या.

वेलदोडा
ते २००५ नंतरचे करिझ्मा अल्बम, म्हणजे जाड पानांवर फोटोच छापलेले लग्नाचे अल्बम, कुणी उचलून बघितलेत का? आमचा दोन माणसं लागतात उचलायला. आणि प्रत्येक पानावर सासूबाईंच्या मागे स्वित्झर्लंडचा धबधबा. त्या आयुष्यात खोपोलीच्या पुढे गेलेल्या नाहीत 😂

घाटाखाली
आमच्याकडे धबधबा आणि वर गुलाबाच्या पाकळ्या 😂 पण छपाई छान टिकलीय, ते मान्य.

आगगाडी
न्यू जर्सीहून. इथे बारा बाय बाराचे स्क्रॅपबुक अल्बम सर्रास मिळतात. तीन प्रकार वापरून झाले. स्पायरलला पानं वाढवता येत नाहीत आणि कोपरे-सजावट लावली की मधूनच फुगतो. गोल रिंगवाला उभा ठेवला की पानं वाकतात, डी आकाराची रिंग बरी. मला सगळ्यात आवडला तो स्क्रूने जोडायचा, पोस्ट-बाउंड. स्क्रू लांब घातले की पानं वाढतात. निळी शाई, तुम्ही दोन घरांचे फोटो एकत्र करताय म्हणजे मधे मधे पानं घालावी लागणारच, कुणीतरी मावशी उशिरा फोटो पाठवतेच. पान जाड, दोनशे जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वरचं घ्या. आणि आकार बघून घ्या, बारा इंची अल्बम आपल्या नेहमीच्या कपाटात मावेलच असं नाही.

वेलदोडा
गोदाघाटाचा फोटो टाका ना! नारोशंकराचं देऊळ येतंय का त्यात? माझं माहेर नाशिकची पंचवटी.

निळी शाई
देऊळ नाही, पण दुतोंड्या मारुती आहे मागे, आणि पाणी त्याच्या पायाशीही नाही.

वेलदोडा
म्हणजे उन्हाळ्यातला! आम्ही पावसाळ्यात शाळेतून येताना पाणी मारुतीच्या कमरेला आलं की छातीला, हे बघायला जायचो. आजी कुठल्या शाळेत होत्या?

दौत
आमचे आजोबा बुकबाइंडर. अल्बमची पानं खळीने जोडायचे आणि कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे. जुने अल्बम दुरुस्त करताना तीच कृती कुणी सांगेल, तर फोटोजवळ मोरचूद नको. कोपऱ्यांचं पाकीट आणा, खळीची गरजच नाही.
लिहिण्याबद्दल: फोटोच्या पाठीवर बॉलपेन नको, दाबाची खूण पुढे उमटते. जुन्या कागदी फोटोंवर मऊ पेन्सिल चालते, नंतरच्या प्लास्टिक मुलाम्याच्या फोटोंवर पेन्सिल उठत नाही. त्यापेक्षा अल्बमच्या पानावर लिहा. काळ्या पानावर पांढरं जेल पेन. आणि नुसतं 'मामी' लिहू नका, पूर्ण नाव लिहा. कुणाची मामी ते नातवंडांना कळत नाही.

माहेरवाशीण
आले परत. १९८४ चे फोटो लालसर झालेत का हो? आमचे झालेत. त्यातला निळसर रंग अंधारातसुद्धा आधी उडतो म्हणे. स्कॅन करून रंग बराच सुधारता येतो. निगेटिव्ह सापडल्या तर टाकू नका!!

निळी शाई
हो, लाल झालेत. निगेटिव्हचं पाकीट मामीने आत्ताच शोधून काढलं, तिच्या साड्यांच्या कपाटात होतं. काळी पानं, स्क्रूवाला आणि कोपरे, असं ठरतंय. @वेलदोडा शाळा विचारून सांगते. कोपरे पुण्यात कुठे मिळतील?

दौत
अप्पा बळवंत चौकात विचारा, नाहीतर रविवार पेठेत बोहरी आळी. 'फोटो कॉर्नर' म्हणून मागा, मागच्या गोंदावर 'अॅसिड-फ्री' लिहिलंय का ते बघून घ्या.

घाटाखाली
जाताय तर माझ्यासाठीही दोन पाकिटं घ्या. पुढच्या आठवड्यात भाऊ पुण्यात येतोय, त्याच्याकडे द्या. पैसे लगेच पाठवते.