मदत हवी आहे: आशाचं काम सोडून नर्सिंगला जावं का? वय ३३

नमस्कार. इथे चार-पाच वर्षं नुसतं वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात आशा आहे, म्हणजे घरोघरी फिरून सरकारी आरोग्याचं काम करणारी स्वयंसेविका. गाव आणि तीन वस्त्या मिळून अकराशे माणसं माझ्याकडे. जन्म मे १९९२चा, बारावी कला शाखा, ५४ टक्के, इंग्रजी होतं. त्यानंतर लग्न. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. मालक दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातात, तेही हंगाम असेल तेव्हा.

सोडायचं का, हे आधी सांगते. नाहीतर सगळे म्हणतात, गावातल्या गावात बरं चाललंय की! मोबदला वाढला हे खरंच आहे. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या संपानंतर राज्याने ५,००० वाढवले, त्या मोर्च्यात मीही होते. आता सगळं धरून बारा-तेरा हजारांपर्यंत जातं. पण ते महिन्याच्या महिन्याला येत नाही. दिवाळीचं भाद्रपदात ठरवावं तर हातात आषाढाचे पैसे. किराणावाला ओळखीचा आहे म्हणून निभतं.

मागे शिलाई मशीन आणि पिठाच्या गिरणीसाठी कर्ज मागायला बँकेत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सॅलरी स्लिप? म्हटलं मानधन असतं, कामानुसार. मग नेमणुकीचं पत्र? म्हटलं स्वयंसेविका आहे. त्याने पेन खाली ठेवलं. वागला नीट, चहा विचारला. कर्ज मिळालं नाही.

आता नर्सिंगच का. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका वस्तीवर नव्या बाळाची सातव्या दिवसाची गृहभेट होती. आजी कौतुकाने सांगत होती, लई गुणी लेकरू, रडत नाही, निजूनच असतं. मला ते बरं वाटलं नाही. दुपटं सोडलं, पोटावर नजर ठेवून घड्याळाने पुरतं एक मिनिट श्वास मोजले. ६८. चुकले असेन म्हणून पुन्हा मोजले, ७०. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा त्याच्यावर दोनदा आले की वाट बघायची नसते, हे प्रशिक्षणात घोटून घेतलेलं. आजी म्हणाली, बुधवारी नेऊ, बाजार आहे. मी ऐकलं नाही. १०८ला फोन लावला. रस्ता वाहून गेलेला, गाडी अलीकडेच थांबली. बाळाला आईच्या छातीशी बांधून आम्ही ओढा पार केला. जिल्ह्याच्या ठिकाणी वॉर्डातल्या सिस्टरने चिठ्ठी वाचून विचारलं, हे श्वास कुणी मोजले? म्हटलं, मी. तिने स्वतः मोजले आणि म्हणाली, "बरोबर आहेत."

बाळ आता अंगणभर पळतंय. त्या बाळाच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या सहा भेटींचे मिळून मला २५० रुपये मिळाले. ते जाऊ दे. ते "बरोबर आहेत" मात्र डोक्यातून जात नाही. जे काम मी दारोदार करते तेच वॉर्डात केलं तर त्याला नोकरी म्हणतात, पगार म्हणतात.

तर विचारायचं असं की या वयात एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) करावं की जीएनएम (सामान्य परिचारिकेचा)? की वय गेलंच? आशा म्हणून केलेल्या कामाचं कुठे काही धरतात का? तालुक्याला एकाने सहा महिन्यांत "नर्सिंग" करून देतो म्हणून ३५,००० सांगितलेत, नोकरीची हमी म्हणतो. मैत्रिणीने भरलेत पैसे. आणि मुख्य म्हणजे शिकायच्या काळात घर कसं चालवलं, कुणी हे केलं असेल तर सांगा. सासूबाई मुलांना बघतील, तेवढं एक बरं आहे.

*

रात्रपाळी:

ताई, आधी ते ३५,००० भरू नका. सहा महिन्यांचा कुठलाही कोर्स करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर तुम्ही सिस्टर नाही. तो कोर्स फार तर सहायकाचा, म्हणजे अंग पुसणं, बेडपॅन, ट्रॉली ढकलणं. काम कमी दर्जाचं नाही, पण त्यात तुमच्या हातात आतापेक्षा जास्त काही पडेल असं मला वाटत नाही. कॉलेजला एकच विचारायचं: परिषदेची मान्यता आहे का, दाखवा. टाळाटाळ केली की उठायचं.

मी २९व्या वर्षी जीएनएमला बसले, तेव्हा पोरगी दोन वर्षांची. आज पुण्यात खाजगी रुग्णालयात आहे. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन. कला शाखा चालते, बारावीला इंग्रजी आणि किमान ४० टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत. वयाची मर्यादा ३५, म्हणून "बघू पुढच्या वर्षी" असं फार वेळा म्हणता येणार नाही. तुमचा ओढा गावातल्या कामाकडे दिसतोय, म्हणून एएनएम सुचवते, उपकेंद्राची सिस्टर तीच असते. पण मोठ्या दवाखान्यात जायचं तर जीएनएमच.

खरा त्रास वयाचा होत नाही, पहिल्या वर्षाच्या शरीररचनेचा होतो. सगळं इंग्रजीत. मी हाडांची नावं स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिकटवली होती. नवरा तिखटाला "फीमर दे" म्हणायचा.

गावचाकारभारी:

माझं मत वेगळं आहे. आशांना आज ना उद्या कायम करावंच लागेल. एवढी वर्षं काढलीत, आता सोडलं तर मागून येणारी त्याचा फायदा घेईल. नर्सिंगचं खाजगी कॉलेज म्हणजे वर्षाला लाखाचा खेळ, वर वसतिगृह. शांतपणे विचार करा.

रात्रपाळी:

@गावचाकारभारी, ही योजना २००५ची आहे. वीस वर्षं "आज ना उद्या"च चाललंय. ताईंची मुलगी नववीत आहे, तिला थांबायला सांगणार का?

फाइलवाला:

ताई, तुम्ही आशा म्हणून नक्की कधी लागलात ते लिहिलं नाही, आणि इथे सगळं त्याच्यावर आहे. किमान दहा वर्षं काम करून बाहेर पडणाऱ्या आशांना केंद्राकडून एकरकमी रक्कम असते. आधी २०,००० होती, २०२५ मध्ये ५०,००० केली. दहा वर्षं भरायला दोन महिने उरले असताना राजीनामा दिलेल्या बायका मी पाहिल्यात. कारण काय, तर कुणी सांगितलंच नाही.

तेव्हा आधी तारीख काढा. राजीनामा तोंडी देऊ नका आणि "उद्यापासून येत नाही" असं गटप्रवर्तकांना (तुमच्यावर देखरेख असते त्यांना) फोनवर तर अजिबात सांगू नका. लेखी द्या, पोच घ्या.

दुसरं, अनुभवाचं. कॉलेज प्रवेशाला तो धरेल ही आशा ठेवू नका (शब्द चुकून पडला). पण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, आशांची प्रमाणीकरण परीक्षा घेते. दिली नसेल तर तालुका समन्वयकांना विचारून नाव घालून घ्या. बँकेतल्या त्या मुलासमोर ठेवायला निदान एक शिक्क्याचा कागद होईल. सोबत वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून लेटरहेडवर लिहून घ्या, किती वर्षं, किती लोकसंख्या, कोणकोणती प्रशिक्षणं. साहेबांची बदली व्हायच्या आधी घ्या. नव्या साहेबांना तुम्ही माहीतही नसता.

*

(मूळ धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. रात्रपाळीताई, काल मैत्रिणीला घेऊन त्या माणसाकडे गेले आणि मान्यतेचा कागद मागितला. म्हणाला, साहेब बाहेरगावी आहेत. मैत्रिणीचे अर्धे पैसे परत मिळाले, उरलेल्यासाठी तिचा भाऊ जाणार आहे. तिखटाचा डबा वाचून मुलगी हसत सुटली. तिने आमच्या डब्यांवर आत्ताच कागद चिकटवलेत, मला पाठ होवोत न होवोत.

कारभारीदादा, राग नाही. मीही मोर्च्यात "कायम करा" ओरडलेय. पण माझं वय कुणाच्या निर्णयासाठी थांबत नाही.

जीएनएमचे तीन वर्षांचे पैसे माझ्याने होणार नाहीत. एएनएमचं बघणार, आधी सरकारी जागा. गिरणी मात्र यंदा घ्यायचीच, बचत गटातून. सासूबाई चालवते म्हणाल्या. मी नसताना घरात रोजचं तेवढंच येईल.

फाइलवाले, तुमच्या सांगण्यावरून पत्र्याची पेटी उपसली. ग्रामसभेत माझ्या निवडीचा ठराव झाला तो २६ जानेवारी २०१६ला, त्याची नक्कल सापडली. पहिल्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र एप्रिलचं आहे. आणि पासबुकात पहिला मोबदला जमा झालाय ऑगस्ट २०१६ मध्ये. मधल्या महिन्यांत काम केलं, पण व्हाउचर कुठे आहेत देव जाणे. दहा वर्षं मोजताना यातली कुठली तारीख धरतात? ठरावाची धरली तर पुढच्या महिन्यातच भरतात, पासबुकाची धरली तर ऑगस्ट उजाडेल, आणि तोवर प्रवेश सुरू झालेले असतील. कुणाला नक्की माहीत असेल तर लिहा. मी सोमवारी ठरावाची नक्कल घेऊन तालुक्याला जातेय.